सुपारीआधीचा कान

राचगोनच्या कालव्याला दिवसातून दोनदा भरती येते आणि ताम न्हाव्याला दिवसातून दोनदा राग येतो, असं बाजारातल्या बायका म्हणत. हे काही खरं नव्हतं. कालव्याला ओहोटीही येते. तामचा राग मात्र सकाळी खुर्ची मांडली की चढायचा आणि संध्याकाळी आरसा उतरवून पोत्यात गुंडाळेपर्यंत काठोकाठ उभा असायचा.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून एक जंगली बदामाचं झाड आहे. त्याच्याखाली तामची खुर्ची. झाडाची मोठाली पानं लाल होऊन गळायची, ती गिऱ्हाइकाच्या मांडीवर, कधी डोक्यावर पडायची. केस तो कापायचाच, पण केस कापणारे बाजारात आणखी चार होते. कान कोरणारा एकच. वेळूची सात कोरणी त्यानं स्वतः तासून केलेली. टोकाशी मुगाच्या दाण्याएवढा वाडगा, त्याला घासून घासून अशी गुळगुळीत कड आणलेली की गालावरून फिरवली तर माशी बसल्यासारखं वाटावं. बदकाच्या पिसाचा एक फुलोरा. कपाळावर रबरी पट्ट्यानं बांधलेला दिवा. रोज संध्याकाळी सगळी हत्यारं तो किटलीत उकळायचा, आणि त्या वेळी कुणी चहा आहे का म्हणून विचारलं की शिवी खायचा.

गिऱ्हाईक मान टाकून बसलं की दोन मिनिटांत त्याचे डोळे मिटायचे. रेतीच्या पडावावरचे दांडगे खलाशी त्या खुर्चीत घोरत. तामचे हात असे हलके. जीभ तेवढी जड.

त्याचा सगळ्यात मोठा राग होता कापसाच्या काड्यांवर. प्लॅस्टिकच्या डबीत शंभर-शंभर मिळतात त्या. "कान म्हणजे काय बंदुकीची नळी आहे, गज घालून साफ करायला?" तो ओरडायचा. "मळ आपल्या पायानं बाहेर येत असतो. तुम्ही त्याला दांडक्यानं परत आत हाकलता. मग येता रडत, काका, कान भरला!"

आणि दुसरा त्याचा नेम होता, तो त्याच्या गुरूनं दिलेला. दुधाचे दात सगळे पडेपर्यंत पोराच्या कानात हत्यार घालायचं नाही. वेळूचंसुद्धा नाही. पोरांचा कान तो नुसता दिव्यानं बघायचा, बाहेरची पाळी ओल्या फडक्यानं पुसायचा, आणि आत काही असलं तर म्हणायचा, "आरोग्य केंद्रात जा. तिथं तुयेत नर्स आहे. तिच्याकडे पाणी आहे, माझ्याकडे काठी आहे." कुणी जास्त पैसे पुढं केले तर खुर्ची झटकून त्याला उठवायचा.

असा हा माणूस. गावाला त्याचा धाक होता आणि अभिमानही. त्याचा स्वतःचा कान मात्र कधी कुणी पाहिला नव्हता. "न्हाव्याचा कान कोण कोरणार?" लोक हसून म्हणत, आणि तो विषय तिथंच राही. बायको होती तोवर तेतच्या आदल्या दिवशी, नव्या वर्षाच्या तयारीत, दार लावून तीच काय ते बघायची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती.

तेतला दहा दिवस उरले होते. नव्या वर्षात मळका कान घेऊन जाऊ नये म्हणून सगळा गाव त्या दिवसांत खुर्चीपुढं रांग लावतो. झेंडूच्या कुंड्या भरलेल्या होड्या कालव्याला लागल्या होत्या. त्या गर्दीतून साउ म्हातारी नातीला दंडाला धरून आली. साउ म्हणजे खांगची आई. खांग रेतीच्या पडावावर असतो, महिन्यातून एकदा घरी. नात सात वर्षांची, नाव दिएप, पुढचा एक दात पडलेला, दुसरा हलणारा.

"तामभाऊ, हिचे कान काढा आधी."

"रांग आहे, वहिनी."

"रांग गेली चुलीत. शाळेतनं चिठ्ठी आलीय. बाई म्हणतात पोरीला ऐकू येत नाही. दहा हाका मारल्या तर एकीला ओ देते. शुक्रवारी, तेतच्या सुटीआधी यादी जाणार म्हणे, बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेची, तिकडं शहरात, तिथंच राहायचं. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी बहिरं नाही!" मग नातीकडं वळून ती एवढ्यानं ओरडली की बदामावरचे कावळे उडाले. "बस खुर्चीवर! बस म्हणते ना! बघा, बघा. दगडाशी बोलावं तसं."

पोर आजीच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. ताम ओळखीनं चमकला. असं ओठांकडं बघणारी माणसं त्यानं पाहिली होती, पण ती म्हातारी होती.

त्यानं तिला हातानं खूण करून बसवलं, दिवा लावला, कानाची पाळी अलगद वर-मागं ओढली आणि आत पाहिलं. मग दुसरा कान. मग पुन्हा पहिला. भोक असं नव्हतंच. वरवंट्यानं ठासून भरावी तशी काळपट तपकिरी चिंच आत भरलेली होती, आणि बाहेरच्या बाजूला कापसाचा एक धागा चिकटलेला.

"काड्या!" ताम गरजला. "ह्या कानात रोज काडी गेलीय. एक दिवस नाही, एक महिना नाही, वर्षं! कुणाचं कर्तृत्व हे?"

एवढ्यात केळीची पानं विकणारी लूआ, पोरीची आई, टोपली तशीच उलथी टाकून धावत आली. तिनं काही विचारलं नाही. पोरीला खुर्चीतून ओढलं आणि पाठीशी घातलं.

"हात लावायचा नाही हिला."

"कुणी लावलाय? बघतोय मी. काडी कोण घालतं हिच्या कानात? तू?"

"अंघोळ झाल्यावर पुसते मी. आई आहे तिची. आम्ही घरी पुसतो."

"पुसते? ठासतेस! माती ठासावी तशी! तुला कुणी सांगितलं होतं, मूर्ख पोरी, कानात—"

आणि तामची जीभ तिथंच थांबली. कारण लूआ त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडं बघत होती. हाताच्या पाठीकडं.

आता ही गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बहुतेकांच्या कानातला मळ कोरडा असतो, भाताच्या कोंड्यासारखा. कोरण्यावर आला की फुंकर मारावी, उडून जातो. थोड्यांचा ओला असतो, मधासारखा चिकट. त्याला कुणी काही करू शकत नाही. डोळे घारे असावेत, केस कुरळे असावेत, तसा तो जन्मानंच येतो. पण जुनी माणसं म्हणतात, ज्याचा कान ओला त्याच्या बगलेला घाण येते. आणि असली सून, असला जावई कुणाला नको असतो. म्हणून लग्न ठरत आलं की सुपारीची ताटं पाठवण्याआधी मुलाची आत्या होणाऱ्या सुनेला प्रेमानं बाजारात नेते. खाऊपिऊ घालते. आणि म्हणते, चल, तामकडं कान कोरून घेऊ, जरा डुलकी लागेल तुला.

ताम कोरणं कानात घालायचा आणि बाहेर काढून डाव्या हाताच्या पाठीवर पुसायचा. सगळेच तसं पुसतात. कोरडा असला तर फुंकून टाकायचा. ओला असला तर तसाच ठेवून हात खुर्चीच्या दांडीवर टेकवायचा. आत्या तिरक्या डोळ्यानं बघायची. ताम एक शब्द बोलायचा नाही. ह्याच गोष्टीला आमच्याकडे सभ्यपणा म्हणतात. मुलगी तोवर डोळे मिटून सुखानं पेंगत असायची. आठ दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही.

लूआ एकोणीस वर्षांची असताना भातगिरणीवाल्यांच्या आत्यानं तिला आणलं होतं. तामला तो दिवस लख्ख आठवला. मुलीनं निळं पोलकं घातलं होतं, केसात पपनसाच्या फुलांचा वास होता. त्यानं कोरणं हातावर पुसलं आणि हात दांडीवर टेकवला. बदल्यात तंबाखूची पुडी मिळाली होती. लूआ पेंगत नव्हती. तिचे डोळे मिटलेले नव्हते, अर्धे उघडे होते, आणि ती त्या हाताकडंच बघत होती. त्या वेळी त्याला वाटलं होतं, कळलं तर कळलं, आपल्याला काय.

"काय आहे कानात?" साउ म्हातारीनं विचारलं. "सांगा ना, रोग आहे का?"

रांगेतल्या माना पुढं आल्या.

"कान तुंबलेत," ताम म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "रोग नाही. बहिरी नाही पोर. आरोग्य केंद्रात न्या. पाण्यानं निघेल."

"कसला मळ आहे?"

"मळ म्हणजे मळ, वहिनी! तुमच्या चुलीत काय चंदन जळतं का राख होते?"

लोक हसले. लूआ पोरीला घेऊन निघून गेली. ती आरोग्य केंद्राच्या वाटेनं गेली नाही, हे त्यानं पाहिलं.

त्या दिवशी तामच्या हलक्या हातानं दोन गिऱ्हाइकांच्या कानाला चिमटा बसला. घरी गेला, पेज पुढं घेतली आणि खाल्ली नाही. राग येत होता, पण ह्या खेपेला तो कुणावर टाकावा ते सापडत नव्हतं. काड्यांवर टाकून पाहिला. लूआवर टाकून पाहिला, शिकलेली बाई, एवढं कळू नये? गिरणीवाल्या आत्यावर टाकला, ती तर केव्हाच मेलेली. राग फिरून फिरून पाळलेल्या कुत्र्यासारखा त्याच्याच पायाशी येऊन बसत होता.

सकाळी खुर्ची मांडण्याआधी तो केळीच्या पानांच्या ओट्याशी जाऊन उभा राहिला. लूआ तेतच्या भाताच्या पुड्यांसाठी पानं पुसून थप्प्या लावत होती.

"पोरीला नेलं का?"

"पानं हवीत का, काका? नसतील तर गिऱ्हाइकाची वाट सोडा."

"शुक्रवारी यादी जाणार. पोर शहरात जाईल. मुक्या पोरांत राहून बोलायची विसरेल. चांगल्या कानांची पोर!"

"ओरडू नका. तुम्हाला ओरडायचा काय हक्क आहे?" लूआनं पान फडक्यासारखं आपटलं. "केंद्रात खिडकीपाशी बसवतात. आत पंचवीस बाया असतात. तुयेत नर्स वाटीत काय काढते ते सगळ्यांना दिसतं. संध्याकाळपर्यंत घरोघर होईल की खांगच्या पोरीचा कान ओला. बारा वर्षांनी तिला बघायला कुणी येणार नाही. आणि आले तरी पहिल्यांदा तिला तुमच्याकडं आणतील."

"म्हणून तू—"

"म्हणून मी रोज पुसते. कोरडा ठेवते. ती रांगायला लागली तेव्हापासून. एक दिवस चुकवलेला नाही. माझी आई असती तर तिनंही माझं असंच केलं असतं, मग मी तुमच्या खुर्चीत बसले नसते." ती हसली, आणि ते हसू बघण्यासारखं नव्हतं. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत त्या दिवशी. नुसता हात ठेवलात. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती. हाताला काय उत्तर देणार, काका?"

 पन्नास माणसांपुढं कधी हटला नव्हता ताम. आता त्याचा डावा हात आपोआप पाठीमागं गेला.

"थेंब देतात," तो शेवटी म्हणाला. "मळ मऊ करणारे. ते घरी घालता येतात. चार दिवस घाल, पोरीला कुशीवर निजवून. काडी मात्र एकही नको. डबी माझ्याकडं दे."

"का देऊ?"

"दे म्हणतो ना!"

लूआनं कमरेच्या पिशवीतून डबी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. काड्या ओट्याखाली चिखलात पसरल्या. त्यानं गुडघ्यांवर बसून एक-एक वेचल्या. बाजारातल्या बायका बघत राहिल्या, पण विचारायची हिंमत कुणाला झाली नाही.

तुयेत नर्स तिशीची, कामात पक्की. तिनं थेंबांची बाटली दिली आणि बजावलं, "काका, आईला सांगा, पहिले दोन-तीन दिवस ऐकू अजून कमी येईल. मळ भिजला की फुगतो. घाबरायचं नाही. आणि कान दुखला, पाणी-पू आला तर लगेच इकडं. कोमट पाण्याची पिचकारी मी मारीन, पण आधी पडदा शाबूत आहे का ते बघून. घरी कुणी पाणी मारायचं नाही."

तामनं निरोप सांगितला. लूआनं ऐकला. पण सासूला सांगायचा कसा? सांगायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. आमच्या घरांत भिंती वेताच्या आणि गुपितं लोखंडाची असतात.

गुरुवारी सकाळी बाजार ऐन भरात असताना साउ म्हातारी आली. तिच्या एका हातात दिएप होती आणि दुसऱ्या हातात उशीचा अभ्रा. मागून लूआ, पांढरीफटक.

"ताम!" भाऊ गळून पडलं होतं. "माझी नात पुरती बहिरी केलीस तू! काल जवळ ढोल वाजला तर वळून बघितलं नाही हिनं. कसले थेंब दिलेस? आणि हे काय आहे?" तिनं अभ्रा झटकून उघडला. त्यावर मधाच्या रंगाचा चिकट डाग होता. "हा ओला आहे. आमच्या घराण्यात सगळ्यांचा कान कोरडा. खणखणीत कोरडा! हे रक्त कुठून आलं?" ती सुनेकडं वळली. "आता कळलं गिरणीवाल्यांची पत्रिका का जुळली नव्हती ते. घाण लपवून माझ्या लेकाच्या गळ्यात पडलीस होय गं, भवाने!"

"आई, पोर बघतेय."

"बघू दे! ऐकायला तर येत नाही!"

कुणीतरी फिसकन हसलं. झेंडूवाली बाई आपल्या शेजारणीच्या कानात काही बोलली आणि दोघींनी दिएपपासून पाऊल मागं घेतलं. एक पाऊल, जास्त नाही. पोरीनं ते पाहिलं. ऐकू न येणाऱ्याला पावलं फार स्पष्ट दिसतात. तिनं हळूच मान वाकवून आपल्या बगलेचा वास घेतला.

तामनं ते पाहिलं, आणि चार दिवस पायाशी बसलेला राग उठला.

खुर्चीत एक खलाशी तोंडाला साबण लावून झोपला होता. तामनं खुर्ची अशी हलवली की तो बिचारा धडपडत उठला. ताम स्वतः त्या खुर्चीत बसला. चाळीस वर्षांत त्याला तिथं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या आरशात बघत त्यानं एक कोरणं उचललं, स्वतःच्या कानाच्या तोंडाशी फिरवलं, आणि बाहेर काढून डाव्या हाताच्या पाठीवर पुसलं.

मग तो हात त्यानं वर धरला. बाजारभर. दिवा लावून धरावा तसा.

"बघा! या जवळ, लांबून काय बघता? तिरक्या डोळ्यानं नको, सरळ बघा! फुंका कुणीतरी. फुंका, साउवहिनी, जोर लावून. उडतो का?"

उडत नव्हता. सकाळच्या उन्हात तो सोनेरी चमकत होता.

"माझा कान ओला! जन्मापासून! माझ्या आईचा ओला होता. चाळीस वर्षं तुमच्या तोंडाजवळ तोंड नेतोय मी, नाकाजवळ बगल नेतोय. आली कुणाला घाण? बोला!"

 मग तो साबणानं माखलेला खलाशी म्हणाला, "तुमच्या तंबाखूपुढं बगल कोण हुंगणार, काका?"

हशा झाला. ताम हसला नाही.

"हसा. मी पण हसत होतो. ह्या हातानं किती पोरींची लग्नं मोडली ते मी मोजलेलं नाही. मला भीती होती, माझं कळलं तर माझ्यापुढं मान कोण टाकणार. स्वतःचा कान झाकायला मी दुसऱ्यांचे उघडे करत होतो. त्या पोरींतली ही एक." त्यानं लूआकडं बोट दाखवलं नाही, मान खाली घातली. "आणि ह्या मुलीच्या कानात काड्या हिच्या आईनं नाही घातल्या, साउवहिनी. मी घातल्या. तुम्ही घातल्या. ज्या कुणी आत्या माझ्या खुर्चीशेजारी पान चघळत बसल्या, त्या सगळ्यांनी घातल्या. आता मला जे काय म्हणायचं ते उद्या म्हणा. आज पोरीला केंद्रात घेऊन चला. उद्या शुक्रवार आहे."

 साउ म्हातारीनं अभ्र्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. लूआनं तोवर पोरीला कडेवर घेतलं होतं, सात वर्षांच्या पोरीला, आणि ती चालू लागली होती.

केंद्रात खिडकीपाशीच बसवलं. आत बायका होत्याच, आणि बाजारातून मागं आलेल्या आणखी. लूआनं खिडकी लावून घ्या म्हटलं नाही. तुयेतनं आधी आपल्या यंत्रानं कानात नीट पाहिलं, मनगटावर पाण्याचा थेंब टाकून कोमटपणा बघितला, कानाखाली वाटी धरायला आजीच्या हाती दिली. साउनं ती धरली. पिचकारीचं पाणी आत गेलं, नुसतंच परत आलं. दुसरी पिचकारी. तिसरी. पोर आईचा अंगठा घट्ट धरून बसली होती. चौथ्या वेळी पाण्याबरोबर काहीतरी निसटलं आणि वाटीत टप्पकन पडलं. चिंचोक्याएवढा काळा गोळा, त्यात कापसाचे धागे.

"अगं बाई!" साउ किंचाळली. "एवढा? दुखतंय का गं, दिएप? ए दिएप! दुखतंय का?"

दुसऱ्या कानाला जास्त वेळ लागला. सगळ्या बायका एकमेकींना सूचना देत होत्या, मान तिरकी कर, वाटी वर घे, पाणी गार नाही ना, पोरीला दम घेऊ दे. ताम दारात उभा राहून सगळ्यांवर ओरडत होता की गप्प बसा. शेवटी दुसराही गोळा पडला. तुयेतनं कान फडक्यानं टिपला, आत पाहिलं आणि मान हलवली.

"दिएप!" आजी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडली. "ऐकू येतंय का? ऐकू येतंय का गं?"

पोरीनं दोन्ही हात कानांवर दाबले. तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मग तिनं एकेकाकडं पाहिलं, आजीकडं, नर्सकडं, दारातल्या म्हाताऱ्याकडं, आणि चिडून म्हणाली,

"तुम्ही सगळे एवढ्यानं ओरडता कशाला?"

लूआनं तोंडावर हात घेतला, आणि ह्या सगळ्यात पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

शुक्रवारी यादी गेली, तीत दिएपचं नाव नव्हतं. साउ म्हातारी महिनाभर सुनेशी धड बोलली नाही, पण नातीचा अभ्रा स्वतः धुवायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "कान आहे, ओला असतो नाहीतर कोरडा असतो, त्यात काय बघायचं?" आपणच पहिल्यापासून असं म्हणत होतो, अशा थाटात.

तामची गिऱ्हाइकं घटली. झेंडूवालीच्या घरचे शेजारच्या गावी जाऊ लागले. तो खलाशी मात्र येत राहिला. पुढच्या वर्षी सुपारीच्या दिवसांत एक आत्या एका मुलीला घेऊन आली. तामनं कोरणं बाहेर काढलं, पण हातावर पुसलं नाही. ओल्या फडक्यात पुसलं, फडकं मुडपलं आणि आत्याला विचारलं, "आता तुम्ही बसा. नवऱ्या मुलाकडचाही कान बघून ठेवू." आत्या उठून गेली. मुलगी तेवढी बसली होती ती पोट धरून हसली.

लूआनं त्याला माफ केलं नाही. करायचं काही कारणही नव्हतं, आणि हे त्याच्याएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तो रोज सकाळी ओट्यावरून जायचा, ती पानं पुसत राहायची. पण दिएप शाळेला जाताना खुर्चीपाशी थांबायची, मान तिरकी करून कान पुढं करायची. ताम दिवा लावून बघायचा, पाळी ओल्या फडक्यानं पुसायचा आणि ओरडायचा, "ठीक आहे! चल, पळ!"

"हळू बोला ना, आजोबा," ती म्हणायची. "मी बहिरी आहे का?"